व्याजस्तुतीची खूण

प्रिय वेणी,

आम्ही जिंकलो. कोण, कुठे, कशात, हे सगळं सांगणार आहे, पण पत्राचं पहिलं वाक्य हेच असणार हे मी परीक्षा विभागाच्या जिन्यातच ठरवून टाकलं होतं. निकाल घेऊन उतरताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते. शेवटची पायरी चुकली आणि मी खालून येणाऱ्या एका कारकुनाच्या अंगावर जाऊन आदळले. त्याच्या हातातला चहा त्याच्याच शर्टावर. माफी मागायची सोडून मी त्याला सांगितलं की आमची मुलगी पास झाली. बिचारा शर्ट झटकत म्हणाला, अभिनंदन.

तुला वाटेल, व्हिडिओवर दर आठवड्याला भेटतो, मग हिला पत्राचं खूळ कुठून लागलं? तर ऐक. व्हिडिओवर मी भाषेच्या पेपरचा विषय काढला रे काढला की तू 'डिंक वाळतोय' अशी खूण करतेस आणि पडदा काळा होतो. तुझ्या बाइंडिंगच्या कारखान्यातल्या डिंकाइतकं वेळेवर वाळणारं काही मी जन्मात पाहिलं नाही. पत्राला असं मध्येच तोडता येत नाही. फाडता येतं म्हणा, पण दिवसभर पुस्तकं शिवणारी बाई तू, लिहिलेला कागद फाडायला तुझा हात धजायचा नाही. तेव्हा आता बस आणि मुकाट्याने वाच. आपल्या दोघींत मी पहिल्यांदाच तुला मुकाट्याने म्हणतेय, हे लक्षात आलं ना?

खरं तर मला बोलायला आईनं शिकवलं आणि गप्पा मारायला तू. समोरासमोरच्या दोन खिडक्या, मध्ये रस्ता. मी पुस्तक उघडून बसलेली, घरात चिडीचूप, आईला वाटायचं पोरगी अभ्यासात बुडालीय. आणि पोरगी तुला खालच्या मजल्यावरचे काका कुत्र्याला कसे नाही, कुत्राच काकांना कसा फिरवून आणतो, त्याची नक्कल करून दाखवतेय. माझं खुणेचं नाव तूच ठेवलंस. तोंडापाशी बोटांची चिमूट उघडझाप, उघडझाप. बडबड. हातांनी बोलतानासुद्धा मी फार बोलते, हा तुझा आरोप तेव्हापासूनचा आहे. तुझं नाव मात्र आधीच ठरलेलं होतं, खांद्यावरून पुढे ओढलेली वेणी. आता तू केस कापून बसली आहेस तरी आमच्याकडे सगळे तुला वेणीच म्हणतात, ज्यांनी तुला पाहिलेलं नाही तेसुद्धा.

त्या न पाहिलेल्यांतली एक म्हणजे खळी. आमच्या कर्णबधिर विद्यालयाच्या वरच्या वर्गात आहे. गालावर खळी पडते म्हणून नाव गोड मिळालं, पण नावावर जाऊ नकोस. एकदा वाद घालायला लागली की समोरचा दमून पाणी प्यायला जातो आणि परत येईस्तोवर हिचे पुढचे चार मुद्दे तयार असतात. आई बस चालवते. घरात आई आणि ही, दोघीच. आईला खुणा येतात त्या कामापुरत्या: जेव, झोप, आवर, उशीर झाला. या मुलीनं आल्या दिवसापासून मला सांगून ठेवलं होतं की तिला शिक्षिका व्हायचंय, आणि शिकवायची तर भाषाच शिकवायची. आमच्या शाळेत गणित शिकवणारे बधिर आहेत, चित्रकला शिकवणारे आहेत. भाषा शिकवणारे सगळे ऐकणारे, आणि त्यांचे हात असे चालतात की जणू हातमोजे घालून कणीक मळताहेत. खळीला ते बघवत नाही.

अडचण काय होती ते तुला मी सांगायला नको, तरी सांगते. भाषेचा शिक्षक व्हायचं तर वाक्यरचना आणि अलंकार हा पेपर पास व्हावा लागतो, तोंडी परीक्षेसकट. आणि बधिर मुलांना या पेपरातून सूट मिळते. मागावी लागत नाही, आपोआप मिळते, वर पाठीवरून हात फिरवून मिळते. गुणपत्रिकेत आकड्याच्या जागी 'सूट' असा शब्द छापून येतो आणि भाषेच्या प्रशिक्षणाचं दार तिथेच बंद होतं. खळीनं ठरवलं की ती सूट घेणार नाही. झालं, मग तिच्याबरोबर जिराफही उभा राहिला. जिराफ म्हणजे तिच्या वर्गातला एक लांबलचक मुलगा, जो तिच्याशी प्रत्येक बाबतीत भांडतो आणि प्रत्येक बाबतीत तिच्याबरोबर जातो.

सगळ्यांनाच सूट, म्हणून शाळेत हा पेपर कुणी शिकवतच नव्हतं. मी शाळेची दुभाषी, तेव्हा शिकवायचं कसं, हा प्रश्न माझ्या डोक्यावर येऊन बसला. उद्देश्य, विधेय, गौणवाक्य, रूपक, व्याजस्तुती, यांना खुणाच नव्हत्या ना. मी एकेक अक्षर बोटांनी दाखवायचे. शब्दाचं शेपूट येईपर्यंत मुलं त्याचं डोकं विसरलेली असायची, आणि खरं सांगू, मीही. शेवटी मी रविवारी घरी आरशासमोर बसून स्वतःच खुणा तयार केल्या. काय खूश होते मी स्वतःवर! सोमवारी वर्गाला शिकवल्या, सगळ्यांनी शहाण्यासारख्या करून दाखवल्या. आठवडाभरानं जिराफनं मला जीव मुठीत धरून सांगितलं की वर्गाबाहेर मुलं त्या खुणा करतात, पण फक्त माझी नक्कल काढताना. माझी विधेयाची खूण तर चपलेतला खडा काढणाऱ्या माणसासारखी दिसत होती म्हणे. मी दोन दिवस फुगून बसले.

तिसऱ्या दिवशी मला तुझं एक जुनं वाक्य आठवलं. तू म्हणाली होतीस, खूण वर्गात जन्मत नाही, भांडणात जन्मते, आणि ऐकणाऱ्यांनी त्या वेळी तिकडे बघत बसू नये. म्हणून मी काय केलं माहीत आहे? खुर्ची उचलली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. वर्गाला एवढंच सांगितलं की मी शब्दाचा अर्थ समजावून देईन, पाच-पन्नास उदाहरणं देईन, पुढचं तुमचं तुम्ही. मी बघत असले की त्यांचं लक्ष माझ्या चेहऱ्याकडे जातं आणि माझ्या चेहऱ्याला काही लपवता येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? तेव्हा भिंत बरी. पाठीमागे बाकं करकरायची, तळहात आपटायचे, कुणीतरी खदाखदा हसायचं, पाय आपटून भांडण व्हायचं. एकमत झालं की माझ्या पाठीत खडू बसायचा. नेम सगळ्यांचाच चांगला आहे.

आणि एकेक खूण काय निघाली वेणी! मुख्य वाक्य म्हणजे आडवा धरलेला हात, आणि गौणवाक्य म्हणजे त्याच्या मनगटाला दुसऱ्या हाताचं बोट अडकवून लटकायचं. हात काढून घेतला की बोट पडतं, एकट्यानं त्याला उभं राहताच येत नाही. उपमेत दोन मुठी शेजारी शेजारी, रूपकात एक मूठ दुसऱ्या हातात शिरून दिसेनाशी होते. ज्या प्रश्नाला उत्तर नकोच असतं, त्यासाठी भुवया उचलायच्या आणि समोरच्याचे हात वर येण्याआधी तोंड फिरवायचं. पण सगळ्यांत लाडकी खूण व्याजस्तुतीची. एका हातानं हवेत पाठ थोपटायची, चेहऱ्यावर गोड हसू, आणि दुसऱ्या हातानं खालून चिमटा काढायचा. बाहेरून स्तुती, आतून निंदा, याहून नीट मला तरी व्याख्या करता आली नसती. माझ्या पाठीत खडू बसला, मी वळले, सगळा वर्ग एकदम मला थोपटत आणि चिमटे काढत होता. मी हसून हसून खुर्चीतच कोलमडले.

खुणा रुजल्यात हे मला वर्गात कळलं नाही, ते कळलं तपासणीच्या दिवशी. एक साहेब आले होते. त्यांनी भाषण केलं की ऐकू येत नसूनही ही मुलं किती हसतमुख, यांच्याकडून आपण शिकलं पाहिजे. मी इमानानं भाषांतर करत होते. मागच्या बाकावरून खळीनं थोपटून चिमटा काढला आणि वर्गात हशा फुटला. साहेबांना वाटलं भाषण आवडलं, ते आणखी लांबलं. पण खरी मजा मधल्या सुट्टीत झाली. जिराफनं खळीला अडवलं. त्याचं म्हणणं, ही व्याजस्तुती होऊच शकत नाही, कारण साहेब मनापासून बोलत होते, चिमटा काढायचा त्यांचा हेतूच नव्हता. खळीचं म्हणणं, चिमटा मला लागला ना? तो म्हणाला, लागला असेल, पण अलंकार बोलणाऱ्याचा असतो. पुरी सुट्टी दोघं या एका मुद्द्यावर भांडत राहिले, डबे तसेच. मी जिन्याच्या आडोशाला उभी राहून पाहत होते आणि मला अक्षरशः उचंबळून आलं. ज्या शब्दांतून यांना सूट द्यायची होती, त्या शब्दांवरून हे भांडत होते.

परीक्षा विभागाला मात्र भांडण नको होतं. मुलांवर कशाला ओझं, मिळतेय ती सूट घ्या, असं तिथल्या बाईंनी मला समजावलं, त्याही प्रेमानंच. शेवटी मुख्य परीक्षक स्वतः शाळेत आले. अलंकारशास्त्राचे मोठे प्राध्यापक. त्यांच्या भुवया इतक्या दाट आणि सदा अशा वर चढलेल्या की आत आल्या आल्या मुलं त्यांना उत्तरं द्यायला लागली. आपल्या भाषेत भुवया वर म्हणजे प्रश्न, त्याला मुलं तरी काय करणार? ते नुसते दारात उभे होते. अर्थात त्यांचं नाव भुवई पडलं. त्यांनी सगळं शांतपणे पाहिलं आणि मला विचारलं, 'उत्तर येणार तुमच्या तोंडून. मग गुण मी कुणाला द्यायचे?'

मला असा संताप आला म्हणून सांगू! मी तावातावानं खळीला त्यांचं बोलणं सांगितलं आणि वाट पाहत राहिले की आता ही त्यांना फाडून खाणार. तिनं मान डोलावली. म्हणाली, बरोबर बोलतात ते. त्यांच्या जागी मी असते तर मलाही शंका आली असती. मग तिनं दोन मिनिटं विचार केला आणि तोडगा काढला. तिचा तोडगा असा: परीक्षकांनी उतारा फक्त खळीला द्यायचा. जिराफ दुसऱ्या टोकाला फळ्यापाशी उभा राहील, त्यानं उतारा पाहिलेला नसेल. खळी त्याला खुणांनी वाक्याची रचना आणि अलंकार सांगेल आणि तो ते फळ्यावर लिहील. मग दुसरा उतारा, जागा उलट. मध्ये ऐकणारं माणूसच नाही. बडबडनं भिंतीकडे तोंड करून बसायचं, तिला सवय आहे. भुवई सरांनी ते ऐकलं आणि मला वाटतं त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांच्या भुवया खाली आल्या.

तर परीक्षेच्या दिवशी मी त्या मोठ्या खोलीत एका कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. शेजारच्या कपाटाला काच होती, तर विभागाच्या बाईंनी त्या काचेवरसुद्धा वर्तमानपत्र चिकटवलं. बाहेर व्हरांड्यात खळीची आई ड्रायव्हरच्या गणवेशात, तशीच पाळी संपवून आलेली. आणि वेणी, गंमत बघ. सगळं घडत होतं माझ्या पाठीमागे, आणि मी जन्मभर ऐकणारी बाई, मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. कागदाची घडी उलगडली. मग शांतता. मग खडू फळ्यावर चालायला लागला, भराभर. माझा जीव भांड्यात पडतोय तोच खडू थांबला. एक पाय जमिनीवर आपटला, मग दुसऱ्या कुणाचातरी. पुन्हा शांतता, आणि ती काही केल्या संपेना. मी त्या वर्तमानपत्रातली गाड्यांच्या टायरची जाहिरात इतक्या वेळा वाचली की अजून पाठ आहे. मला वाटलं, गेलं. अडकली पोरं. नंतर कळलं ते असं की जिराफनं एकच गौणवाक्य लिहिलं होतं आणि खळी त्याला झापत होती की लटकणाऱ्याला आणखी एक लटकलंय, डोळे उघडून बघ. मला हे कुठून कळणार? मग खडू पुन्हा सुरू झाला. आणि एकाएकी भुवई सरांच्या नाकातून फुस्स करून हसू बाहेर पडलं. त्यांनी ते खोकल्यावर नेलं, पण मी कान टवकारूनच बसले होते. थोपटणं आणि चिमटा! ती खूण बघून शिकलेलं न शिकलेलं कुणीही हसतं. तिथेच मला समजलं की आपण सुटलो.

मग दोघांनी जागा बदलून दुसरा उताराही संपवला, आणि मला वळायला सांगितलं तेव्हा फळा भरलेला होता. पहिल्या उताऱ्यातलं वाक्य होतं, 'आमचे साहेब इतके दयाळू आहेत, की आम्हांला आरामाचा कंटाळा येऊ नये म्हणून आमच्या वाटच्या सुट्ट्या ते स्वतःच घेतात.' आणि जिराफच्या वेड्यावाकड्या अक्षरात खाली सगळं होतं. मिश्र वाक्य, मुख्य वाक्य कुठलं, परिणाम सांगणारं गौणवाक्य कुठलं, त्याच्या पोटातलं हेतू सांगणारं कुठलं, आणि अलंकार व्याजस्तुती. एक काना चुकला होता, तो खळीनं येऊन दुरुस्त केला. मग सरांनी माझ्यामार्फत विचारलं की बोलणाऱ्यानं सरळ तक्रार का केली नाही. खळी म्हणाली, सरळ शिवी दिली तर साहेब चिडून निघून जातील. स्तुती केली की त्यांना तिथे थांबावं लागतं, आणि थांबलेल्या माणसालाच चिमटा काढता येतो. सरांनी काहीतरी लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवून त्यांनी तो एक प्रश्न विचारला, जो कागदावर नव्हता. सूट मिळत असताना हा सगळा खटाटोप कशासाठी? खळीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्याकडे बघत तिनं सावकाश सांगितलं आणि मी बोलले:

'राग सगळ्यांनाच येतो, सर. समोरच्याच्या बोलण्यात नेमकं काय खटकलं ते सांगायला शब्द लागतात. ते शब्द मला माझ्यानंतरच्या मुलांना द्यायचे आहेत.'

दुभाष्याचा आवाज कापायचा नसतो. माझा कापला. कापला तर कापला.

परवा निकाल लागला. खळीच्या आणि जिराफच्या गुणपत्रिकेत त्या रकान्यात शब्द नाही, आकडा आहे, आणि चांगला घसघशीत आकडा आहे. खळीच्या आईनं तो कागद वाचला, नीट घडी करून गणवेशाच्या खिशात ठेवला आणि लेकीला खुणा करून म्हणाली, 'शिक्षिका माझी तू.' शब्द उलटसुलट, बोटं ताठ. जगाच्या चुका काढणाऱ्या खळीनं ही चूक काढली नाही. आईच्या गळ्यात पडली. जिराफ उगाचच भिंतीवरची सूचना वाचत उभा राहिला.

आता खरं काय ते सांगते, पत्र बाजूला ठेवू नकोस. तुला सूट मिळाली तो दिवस मला लख्ख आठवतो. तुझ्या मुख्याध्यापकांनी तुझं अभिनंदन केलं होतं, तू खिडकीत येऊन तो कागद नाचवलास आणि मी इकडे नाचले. आपल्याला कुठे ठाऊक होतं? मग भाषेच्या प्रशिक्षणाचा तुझा अर्ज परत आला, त्या एका शब्दाखाली रेघ मारून. तू खिडकीचा पडदा ओढलास, दुसऱ्या गावी बाइंडिंगच्या कामाला गेलीस आणि त्या विषयावर पुन्हा हात उचलला नाहीस. वेणी, निकालानंतर भुवई सरांनी मला थांबवून घेतलं. विभागानं ठराव केलाय. आजवर ज्यांना ज्यांना सूट दिली, त्या सगळ्यांना हा एक पेपर खुणांच्या भाषेत देता येईल, वयाची अट नाही, आणि पास होणाऱ्याला प्रशिक्षणाला प्रवेश. आमच्या भाषेच्या बाई पुढच्या वर्षी निवृत्त होतात. मुख्याध्यापिका म्हणाल्या, योग्य माणूस प्रशिक्षण घेत असेल तर तोवर मी वर्ग सांभाळते, जागा राखून ठेवते. खळीला अजून बरीच वर्षं शिकायचंय, आणि तिची अट आहे की भाषा तिला तू शिकवायचीस. तुझ्या परीक्षेला फळ्यापाशी तीच उभी राहणार आहे, जिराफशी भांडून तिनं तो मान मिळवलाय. मी सरांना तुझं नाव अजून दिलेलं नाही, कारण तुझ्यासाठी परस्पर ठरवणारे आजवर पुष्कळ झाले. तू सांगशील तर उद्या देईन. पण मला तू इथे हवी आहेस, वेणी. त्या जागेवर पहिल्यापासून तुझाच हक्क होता. माझ्या घरातली रस्त्याकडची खोली मी रिकामी केली आहे. हो म्हणायचं असेल तर उलट पत्र लिहीत बसू नकोस, सरळ निघून ये.

तुझीच, आता हात दुखेपर्यंत लिहून गप्प बसलेली,
बडबड